शुक्रवारी कालवलेलं औषध

मित्रांनो, ज्याच्या पोटात काय काय कोंबलं गेलं हे नुसतं आठवलं तरी मळमळावं, असा मी एक जुना फ्रिज आहे. माझा रंग कधीकाळी दुधावरच्या सायीसारखा होता. आता तो पिवळट पडला आहे. दाराची मूठ मात्र अजून घट्ट आहे. ती ओढली की ठक्‌ असा आवाज होतो आणि आतला दिवा लागतो. त्या दिव्याच्या उजेडात मी माणसांचे चेहरे फार जवळून पाहिले आहेत. माणसाला इतक्या जवळून पाहू नये, असं माझं मत झालं आहे.

माझा जन्म स्लोव्हाकियातल्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, दाबला, भिंतींत काचेची लोकर भरली, पाठीवर काळ्या नळ्यांची जाळी बसवली आणि एका बाईने माझ्या दारावर थाप मारून म्हटलं, "जा बाबा, चांगलं घर मिळू दे." माझ्याबरोबरचे भाऊ घराघरांत गेले. कोणाच्या पोटात लोणी, कोणाच्या पोटात लेकराच्या वाढदिवसाचा केक. मी मात्र प्रागला, एका संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. माझ्या दारावर पहिल्याच दिवशी कागद चिकटवला गेला: 'आत खाद्यपदार्थ ठेवू नयेत.' कागद चिकटवणाऱ्यानेच त्या दुपारी आत डुकराच्या चरबीचा डबा ठेवला. तेव्हाच मला या लोकांचं पाणी कळायला हवं होतं.

त्या मजल्यावर कॅन्सरवरची औषधं शोधली जात होती. शोधणाऱ्यांत द्राहोमीरा कुबेलकोवा नावाच्या रसायनतज्ज्ञ होत्या. तिथल्या पदवीप्रमाणे सगळे त्यांना इंजिनियरबाई म्हणत. सडपातळ बाई, बोटांवर आम्लाचे डाग, आणि बोलणं असं की ऐकत राहावं. मला त्या फार आवडायच्या, हे मी आधीच कबूल करतो. बोळ पुसणाऱ्या मिलादाबाई दुपारी माझ्या शेजारी स्टुलावर बसून स्वेटर विणायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "इंजिनियरबाई, तुम्ही दिवसभर त्या पांढऱ्या पुडीशी काय खेळता हो?"

"मिलादाबाई, तुम्ही किती रंगांची लोकर वापरता?"

"चार. पण त्याचं इथं काय?"

"पेशीही चारच रंगांच्या लोकरीने विणते. एका पेशीच्या दोन होताना आतली सगळी वीण पुन्हा विणायची असते. आता कॅन्सरची पेशी म्हणजे विणतच सुटलेली बाई. तिला घाई इतकी की लोकर तपासायला फुरसत नाही. मी तिच्या टोपलीत हुबेहूब तसलाच, पण आतून कुजका धागा ठेवते. ती तो विणते आणि सगळी वीण उसवते."

"आणि शहाणी पेशी?"

"ती सावकाश विणते. तिलाही जरा त्रास होतो, पण निभावते."

"म्हणजे तुम्ही लबाडी करता म्हणा की."

"लबाडाशीच करते."

दोघी हसल्या. मीही आतून गुरगुरलो. त्या कुजक्या धाग्यांच्या पुड्या छोट्या काचेच्या कुप्यांत भरून माझ्या तळच्या खणात ठेवत. प्रत्येकीवर नंबर. त्यांचा मला अभिमान वाटे. वाटे, माझ्या खणात कोणाचा तरी जीव आहे.

पण वरचे कप्पे! मित्रांनो, वरच्या कप्प्यांबद्दल बोलायचं म्हणजे मला आजही शिसारी येते. प्राण्यांच्या खोलीत उंदरांना सुया टोचायचं काम व्लास्तिमिल, म्हणजे लाडाने व्लास्तिक, पेत्स्का नावाच्या माणसाकडे होतं. हा गृहस्थ सॉसेजला उभा चिरा देऊन त्यात कांदा भरायचा आणि मोठ्या बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचा. बरणीवर पांढरा तवंग आला की म्हणायचा, "आता कुठं चवीला आलंय." तिच्या शेजारी त्वारूझकी. हे चीज ज्यांनी हुंगलं नाही ते भाग्यवान. कोणी तरी मोजे महिनाभर न धुता कागदात गुंडाळून ठेवावेत, तसा त्याचा दर्प. डिसेंबरात नाताळसाठी आणलेला आख्खा कार्प मासा, शेपटी दाराबाहेर. आणि या सगळ्यात उंदरांच्या रक्ताच्या नळ्या! एकाच कप्प्यात, एकमेकींना खेटून! एकदा विभागप्रमुख ह्लावाच साहेबांनी रक्ताची नळी बाजूला सारून तेच बोट पावावरच्या चरबीवर फिरवलं आणि चाटलं. मला हातपाय असते तर मी तिथून चालता झालो असतो.

माझ्या दाराचं रबर फाटलं होतं. आत थंडी टिकेना. मिलादाबाईंनी तीनदा अर्ज दिला. रबर आलं नाही. मी रात्रंदिवस धापा टाकत चालत होतो आणि तरी आत अकरा अंशांखाली येत नव्हतो. कोणाला त्याचं काही नव्हतं. बिअर पुरेशी गार लागत होती ना, मग झालं.

आता त्या शहराची एक रीत सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं. शुक्रवारी दुपारी बारानंतर तिथल्या कुठल्याही कचेरीत तोफ डागली असती तरी कोणाला लागली नसती. सगळे आपापल्या झोपडीवर पळत. झोपडी म्हणजे नदीकाठी, रानात, स्वतःच्या हाताने उभारलेलं लाकडी खोपटं. साहेबाचीही झोपडी, शिपायाचीही झोपडी. फळ्या, खिळे, रंगाचे डबे संस्थेतून पाठीवर निघत. 'सरकारचा खिळा तो आपलाच खिळा' हे वाक्य तिथे लाजून नाही, हसून म्हणत. पेत्स्काची झोपडी साझावा नदीवर होती. सोमवारी सकाळी परत येणारी त्याची बस साडेसहाला शहरात पोचायची आणि उंदरांना सुया सातला टोचायच्या असायच्या.

एका मे महिन्यातल्या शुक्रवारी अकराला कुबेलकोवाबाई माझ्यासमोर आल्या. पाठीवर पिशवी, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली रोपं. त्यांनी एक कुपी पेत्स्काच्या हातावर ठेवली.

"पेत्स्का, ही एकशे सत्तेचाळीस नंबर. हिच्यामागे माझी सहा वर्षं गेलीत. नीट करा हं."

"मी कधी वाकडं केलंय का बाई? रोपं कसली? टोमॅटोची?"

"टोमॅटोची. बरं, सगळं वहीत लिहिलंय."

"वही कुठं पळून चाललीय! तुम्ही पळा, बस चुकेल."

आणि बाई पळाल्या. वहीच्या सव्विसाव्या पानावर, अगदी तळाशी, त्यांनी खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं की हा पदार्थ पाण्यात टिकत नाही, टोचायच्या वेळीच कालवावा. मला हे माहीत होतं, कारण त्यांनी ते पान माझ्याच डोक्यावर वही ठेवून लिहिलं होतं आणि लिहिताना मोठ्याने पुटपुटल्या होत्या. पेत्स्काला त्या बोलल्या नाहीत. एक वाक्य होतं. श्वासभराचं.

साडेअकराला पेत्स्काने पुडी तोलली, पाण्यात कालवली, गाळली, बाटलीत भरली. हात मात्र स्वच्छ धुऊन. बाटलीवर सुबक अक्षरात चिठ्ठी लावली: नंबर, शुक्रवार, साडेअकरा, आणि स्वतःची सही. मग ती बाटली सॉसेजची बरणी आणि त्वारूझकी यांच्या मधोमध ठेवून, शीळ घालत तो बस पकडायला गेला. शनिवार गेला, रविवार गेला. मी अकरा अंशांवर धापा टाकत होतो आणि माझ्या कप्प्यात सहा वर्षांची मेहनत पाण्यात मरत होती. ओरडायला तोंड नव्हतं. दिवाही लावता येत नव्हता. तो दार उघडल्यावरच लागतो.

सोमवारी बरोबर सातला सुया टोचल्या गेल्या. उंदरांना रक्ताचा कॅन्सर होता. औषध न दिलेले नवव्या-दहाव्या दिवशी मेले. औषध दिलेलेही नवव्या-दहाव्या दिवशीच मेले.

ह्लावाच साहेबांकडे एक निळा शिक्का होता. 'निरुपयोगी.' तो त्यांनी जाड नोंदवहीत एकशे सत्तेचाळीसपुढे मारला. पुसट उठला म्हणून पुन्हा मारला.

"वाईट वाटून घेऊ नका, इंजिनियरबाई," ते लोण्याचा डबा शोधता शोधता म्हणाले. "या वर्षीचा आकडा पुरा झाला. वरचे लोक खूश आहेत."

त्या विभागाला बक्षीस मिळायचं ते किती पदार्थ तपासले यावर. काय सापडलं हे विचारणारा कोणी नव्हता. शिक्का बसलेल्यांची यादी दरवर्षी छापून जगभर जायची. ती वाचून दुसऱ्या देशांतले लोक आपल्या कागदावर काट मारायचे आणि त्या वाटेला पुन्हा जायचे नाहीत. म्हणजे त्या शिक्क्याने पदार्थ एकदा मेला की जगातून उठलाच. मला त्या निळ्या शाईचीसुद्धा किळस येऊ लागली.

पुढच्या गुरुवारी मिलादाबाईंनी माझा बर्फ वितळवायला काढला. तोंडाने त्यांचा जप चालूच होता. "मेल्यांनो, घरी असलं ठेवाल का? बायको लाथ घालून बाहेर काढेल! हे काय, कांदा की बुरशी? शी शी शी!" एकेक वस्तू त्या टेबलावर मांडत गेल्या. कुबेलकोवाबाई चहाचा पेला भरायला आल्या होत्या. रडून डोळे सुजले होते. त्यांची नजर बाटलीवरच्या चिठ्ठीवर गेली. त्यांनी चिठ्ठी वाचली, बाटली उचलून उजेडात धरली आणि पुन्हा वाचली.

"पेत्स्का!" त्यांनी बोळात हाक मारली.

तो टॉवेलला हात पुसत आला.

"ही बाटली शुक्रवारची आहे."

"हो."

"टोचलंत सोमवारी ना?"

"सोमवारीच. सातला. घड्याळ लावून घ्या माझ्यावरून."

"आणि कालवलंत शुक्रवारी?"

"शुक्रवारीच कालवतो की. सोमवारी बसमधून उतरून कोण तोलत बसणार? सगळीच शुक्रवारी कालवतो. चार वर्षं झाली. का हो?"

"सगळीच?"

"सगळीच."

बाई मिलादाबाईंच्या पालथ्या बादलीवर बसल्या. "हे पाण्यात टिकत नाही, पेत्स्का. काही तासांत मोडून जातं. मी लिहिलं होतं वहीत. सव्विसाव्या पानावर."

पेत्स्काचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "बाई, सव्विसावं पान! तुम्ही तोंडाने एक शब्द बोलला असतात ना, तर मी शनिवार-रविवार इथंच उंदरांत झोपलो असतो."

"त्यांची बस चुकली असती ना," मिलादाबाई म्हणाल्या आणि फडकं पिळायला वळल्या.

बाई उठल्या. त्याच आठवड्यात दोघांनी प्रयोग पुन्हा केला. सगळं नव्याने. पुडी कालवल्यापासून पाव तासात सुई. पेत्स्का झोपडीवर गेला नाही. तिसावा दिवस उजाडला तरी उंदीर पिंजऱ्यात धावत होते. बाईंनी माझ्या दारावर डोकं टेकलं आणि त्या हसत रडल्या. त्यांच्या कपाळाची ऊब माझ्या पत्र्याला लागली. मित्रांनो, त्या दिवशी मी माझी सगळी किळस विसरलो होतो.

मग पेत्स्का नोंदवही काखेत घालून आला. चार वर्षांतली पानं त्याने बोट ठेवून ठेवून मोजली होती.

"बाई, एकेचाळीस."

"काय एकेचाळीस?"

"निळे शिक्के, एकशे सत्तेचाळीस सोडून. माझ्या हातचे. यातले किती खरंच बिनकामाचे होते आणि किती माझ्या बाटलीत मेले, कसं कळायचं? पुड्या आहेत अजून तळच्या खणात. पुन्हा करू या ना सगळे."

बाईंनी नोंदवही मिटली. "पाहू," म्हणाल्या.

कानाला हा शब्द साधा लागतो. पण मी अकरा वर्षं त्या बोळात काढली होती. रबराच्या अर्जावरही 'पाहू' असंच लिहून आलं होतं.

दोन दिवसांनी ह्लावाच साहेब आणि बाई माझ्यापुढेच बोलत उभे राहिले. साहेबांचा एक हात माझ्या मुठीवर होता.

"एकशे सत्तेचाळीस चाललं ना? झालं तर मग! गोड बातमी आहे, गोडच राहू द्या. एकेचाळीस शिक्के पुसायचे म्हणजे चार वर्षांची बक्षिसं परत. जगभर पत्रं. आणि मग चौकशी. पहिला प्रश्न काय विचारतील? पदार्थ देताना सांगितलं होतं का? सांगितलं होतं का हो तुम्ही?"

"लिहिलं होतं."

"मी विचारतोय, सांगितलं होतं का?"

बाई बोटांवरचे डाग चोळू लागल्या.

"तेच म्हणतो मी," साहेब म्हणाले आणि त्यांनी दार उघडून बिअर काढली. दिवा लागला. बाईंचा चेहरा मला समोरून दिसला. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि भीतीच्या मागे थोडी सुटकाही होती. ती सुटका मी पाहिली आणि माझ्या आत काही तरी आंबलं.

शरदात मोठा सोहळा झाला. वरचे अधिकारी आले, रुग्णालयातले डॉक्टर आले. माझ्यातून बरण्या हलवून फेसाळ वाइनच्या बाटल्या ठेवल्या. बोळातच टेबलं मांडली होती. त्यांवर पावाचे काप, बटाट्याचं सॅलड आणि वर हॅमच्या सुरळ्या. ह्लावाच साहेबांनी अर्धा तास भाषण केलं आणि त्यात 'मी' आणि 'आम्ही' यांचा असा काला केला की एकशे सत्तेचाळीस जणू त्यांनीच कडेवर वाढवलं. शेवटी त्यांनी बाईंना जवळ ओढलं. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर पेत्स्का पुढे आला. दाढी घोटलेली, गळ्यात टाय, टायची गाठ एका कानाकडे गेलेली. आजवर मला या माणसाची सगळ्यांत जास्त किळस होती, हे लक्षात घ्या.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "एकशे सत्तेचाळीसही आम्ही मारलंच होतं. चिठ्ठी सापडली म्हणून वाचलं. तसे आणखी एकेचाळीस आहेत. मी ते शुक्रवारी कालवले आणि सोमवारी टोचले. म्हणजे ते तपासलेलेच नाहीत. वहीत निरुपयोगी लिहिलंय ते खोटं आहे. चूक माझी आहे. मला काय करायचं ते करा. पण ते शिक्के पुसा."

कोणाच्या तरी हातातला काटा बशीवर पडला. ह्लावाच साहेबांनी एक क्षणही दवडला नाही.

"आमच्या व्लास्तिकने आज न्याहारीपासूनच सुरुवात केलेली दिसते!"

हशा पिकला. एक अधिकारी डोळे पुसत हसला.

"मी थेंब घेतलेला नाही," पेत्स्का म्हणाला. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती एका ठिकाणी थांबली. "बाई, तुम्ही सांगा ना यांना. तुम्हाला माहीत आहे."

कुबेलकोवाबाईंच्या ओठाला पेला लागलेला होता. त्यांनी तो खाली घेतला. त्या हसल्या, अगदी गोड, दमलेल्या मुलाची समजूत काढावी तशा.

"पेत्स्का, आज नको."

मग सगळेच मोकळेपणी हसले. कोणी तरी त्याच्या हातात पेला दिला, कोणी पाठ थोपटली. मित्रांनो, त्वारूझकीचा दर्प मी अकरा वर्षं सोसला. सडका कार्प सोसला. पण त्या दोन शब्दांनी मला जी ओकारी आली, ती आजवर उतरलेली नाही. जिच्या कपाळाची ऊब मी जपून ठेवली होती, तीच ही बाई. आणि ज्याच्या बरणीला मी नावं ठेवत होतो, त्या माणसाला सगळ्यांदेखत दारुडा ठरवलं गेलं. वास कुठून येतो हे मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं.

पेत्स्काची बदली तळघरात बॉयलरवर झाली. बाई उपप्रमुख झाल्या. एकशे सत्तेचाळीसचं पुढे खरंच औषध झालं आणि त्याने माणसं जगवली, हे मी नाकारत नाही. नाकारलं तर मीही ह्लावाचच्या पंगतीला बसेन. पण नोंदवहीतले एकेचाळीस निळे शिक्के तसेच राहिले आणि छापील यादीतही तसेच.

यशाबरोबर विभागाला नवा फ्रिज आला. बाहेरदेशचा, दोन दारांचा. मला 'आतल्या टाकाऊ मालासह' भंगारात काढायचा हुकूम निघाला. हुकमावर सही कुबेलकोवाबाईंची होती. टाकाऊ माल म्हणजे तळच्या खणातल्या कुप्या. भंगार न्यायचं काम बॉयलरवाल्याचं. कोळशाने काळ्या झालेल्या हातांनी पेत्स्काने खण उघडला, कुप्या मोजल्या, आपला मफलर काढून त्यांच्याभोवती गुंडाळला आणि खण बंद केला.

"टाकतोस ना रे नीट?" ह्लावाच साहेबांनी जाता जाता विचारलं.

"नीटच ठेवतो, साहेब," पेत्स्का म्हणाला. साहेबांनी ते ऐकलं नाही.

तेव्हापासून मी साझावा नदीकाठच्या झोपडीत आहे. आल्या आल्या पेत्स्काने माझ्या दाराला नवं रबर बसवलं. अकरा वर्षांत संस्थेला जे जमलं नाही, ते त्याने एका दुपारी केलं. त्याने माझ्यात काही खायचं ठेवलं नाही, कधीच नाही. बिअर तो नदीत गार करतो. निवृत्तीनंतर तो इथेच राहायला आला. रोज सकाळी तो माझ्या आतली पाऱ्याची नळी बघतो आणि आकडा वहीत लिहितो. चार अंश. चार अंश. चार अंश. उन्हाळ्यात मिलादाबाई येतात, फडक्याने माझं अंग पुसतात आणि त्याला बोलतात.

"अरे व्लास्तिक, कोण येणार आहे यांच्यासाठी? वेडा आहेस का?"

"येईल कोणी."

त्याने संस्थेला तीन पत्रं पाठवली. एकाच पत्राला उत्तर आलं: 'नोंदीनुसार सदर पदार्थ निरुपयोगी आहेत.'

गेल्या वर्षी कुबेलकोवाबाई इथे आल्या. नात गाडी घेऊन रस्त्यावर थांबली होती. बाई काठी टेकत आत आल्या. केस पांढरे, बोटांवरचे डाग तसेच. पेत्स्काने माझा खण उघडला. त्यांनी खाली वाकून एकेक नंबर वाचला. वाचताना ओठ हलत होते. प्रत्येक नंबर त्यांना पाठ होता.

"सगळ्या आहेत," त्या म्हणाल्या.

"सगळ्या आहेत, बाई. कोरड्या आहेत, थंड आहेत. काहीही बिघडलेलं नाही." पेत्स्काने टेबलावर कागद आणि पेन ठेवलं. "मला कोणी विचारत नाही. तुम्ही लिहिलंत तर जग ऐकेल. एकच ओळ लिहा. या तपासलेल्या नाहीत. बस."

बाई खुर्चीवर बसल्या. पेन हातात घेतलं. मी गुरगुरायचाही थांबलो. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"माझ्या नावाने एक व्याख्यान असतं दरवर्षी," त्या शेवटी म्हणाल्या. "मुलं येतात. फार विश्वासाने बघतात माझ्याकडे, पेत्स्का. आता या वयात..."

त्यांनी पेन कागदावर आडवं ठेवलं. पेत्स्काने त्यांना दारापर्यंत हात दिला, पायरी सांभाळून उतरवलं. मग परत येऊन त्याने माझा खण हलक्या हाताने, काच काचेवर वाजू न देता, आत सरकवला. नळी पाहिली. वहीत लिहिलं, चार अंश. त्याला राग आलेला दिसला नाही. सगळा राग मलाच येत होता.

मित्रांनो, माझ्या रंगाची, माझ्या मुठीची काळजी करू नका. फक्त माझी वीज कोणी तोडू नका, कारण पेत्स्का आता ब्याऐंशीचा आहे आणि त्याच्यानंतर इथे आकडा लिहायला कोणी नाही. काम करताना सांगायचं वाक्य तोंडाने सांगत जा, वहीच्या सव्विसाव्या पानावर सोडून बस पकडायला पळू नका. आणि तुमच्यापैकी कोणी मोठं होऊन या नदीकाठी आलंच, तर संस्थेची नोंदवही बघत बसू नका. सरळ माझी मूठ ओढा. तळच्या खणात एका जुन्या मफलरात एकेचाळीस कुप्या आहेत. जी ओळ लिहायला बाईंचा हात धजला नाही, ती मी सांगतो. या तपासलेल्या नाहीत.